गोळीच्या जोडीला काढा : मानसिक आजारातील स्वयंउपचारांचा आढावा

मानसिक आजार असलेली माणसे स्वतःच्या मनाने वनौषधी घेतात, ही गोष्ट नवी नाही आणि ती फक्त आपल्याकडे घडते असेही नाही. बदलली आहे ती औषध मिळण्याची वाट. पूर्वी आजी ब्राह्मीचे तेल टाळूवर जिरवायची, ओळखीचे वैद्य सारस्वतारिष्ट सांगायचे. आज अश्वगंधेच्या कॅप्सूल व्यायामशाळेतल्या प्रोटीन पावडरीशेजारी विकल्या जातात. मोबाइलवर मागवल्या की दोन दिवसांत घरी येतात. त्या ज्या कपाटात ठेवल्या जातात त्याच कपाटात बऱ्याचदा एस्सिटालोप्रामची, ओलान्झापिनची किंवा लिथियमची पट्टी असते. या लेखाचा विषय म्हणजे हा शेजार.

मर्यादा आधीच सांगतो. वैद्याने प्रकृती पाहून, पथ्यासह दिलेले आयुर्वेदिक उपचार हा स्वतंत्र विषय आहे आणि त्याची चर्चा इथे जेवढ्यास तेवढीच येईल. निदान झालेल्या (किंवा निदान टाळत असलेल्या) माणसाने स्वतःहून वा घरच्यांच्या सांगण्यावरून घेतलेल्या वनस्पतींकडे आपण पाहणार आहोत. यावरचा वाद बहुतेक वेळा ‘गुण येतो की नाही’ याच प्रश्नाभोवती फिरतो. माझ्या मते त्याहून निकडीचे प्रश्न दोन : हे कशाबरोबर घेतले जाते, आणि ते डॉक्टरांना ठाऊक असते का.

सर्पगंधेचा धडा

या वादाची पार्श्वभूमी सर्पगंधेवाचून समजत नाही. या झुडपाचे मूळ बिहारकडे ‘पागल की दवा’ म्हणून विकले जात असे. १९३१ साली कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवर या मुळाचा उपयोग होतो, असा निबंध प्रसिद्ध केला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आपल्या रुग्णांवरचे रक्तदाबविषयक अनुभव मांडले आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळाकडे गेले. १९५२ मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यातून रेझर्पिन वेगळे काढले. १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना दिल्याचे निष्कर्ष छापले. क्लोरप्रोमझिनच्या बरोबरीने आधुनिक मानसोपचारातले हे पहिल्या पिढीचे औषध ठरले. १९५७ च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत क्लाइन आणि वकील हे दोघेही होते.

पुढे रेझर्पिन मागे पडले. रक्तदाब फार उतरे, माणूस सुस्त होई, आणि काही रुग्णांना त्याने नैराश्य येते अशी निरीक्षणे छापून आली. त्या निरीक्षणांबद्दल नंतर शंका घेतल्या गेल्या. तरीही मेंदूतल्या सेरोटोनिन-नॉरअॅड्रिनलिन यांचा आणि नैराश्याचा संबंध जोडणारा सिद्धान्त उभा राहण्यात त्यांचा वाटा होताच, कारण रेझर्पिन नेमके याच रसायनांचे मेंदूतले साठे रिकामे करते.

सर्पगंधेचा दाखला दोन्ही बाजू देतात. एक म्हणते, परंपरेला जे कळले होते ते विज्ञानाला उशिरा कळले. दुसरी म्हणते, वनस्पती म्हणजे निरुपद्रवी असे समजू नका, हे मूळ मेंदूत शिरून उलथापालथ करते. दोन्ही म्हणणी खरी आहेत. मेंदूवर परिणाम करण्याची ताकद ज्या पदार्थात आहे त्याचे दुष्परिणाम आणि मात्रा तपासावीच लागते, मग तो मुळातून आलेला असो की कारखान्यातून.

कोण घेते आणि का

याची मोजदाद अमेरिकेत आधी झाली. रोनल्ड केसलर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये छापलेल्या पाहणीत तीव्र नैराश्य असल्याचे सांगणाऱ्यांपैकी ५३.६ टक्के आणि चिंतेचे झटके येणाऱ्यांपैकी ५६.७ टक्के लोकांनी मागच्या वर्षभरात कुठला ना कुठला पूरक उपचार केला होता. यात मसाज, ध्यान हेही धरले आहे, त्यामुळे हा वनौषधींचा आकडा नव्हे. या पाहणीतली दुसरी नोंद मला अधिक बोलकी वाटते : नेहमीच्या डॉक्टरांकडे जाणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक पूरक उपचारही करत होते. म्हणजे लोक एक सोडून दुसरे धरत नाहीत, दोन्ही धरतात.

भारताचे चित्र वेगळ्या कारणांनी घडले आहे. ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला तरी मानसिक विकार होता. नैराश्य, चिंता यांसारख्या सर्वत्र आढळणाऱ्या विकारांत उपचारांविना राहिलेल्यांचे प्रमाण ८५ टक्क्यांच्या घरात होते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञही नसलेल्या देशात राज्याराज्यांतला फरक किती मोठा असणार? विदर्भातल्या किंवा कोकणातल्या माणसाला नागपूर वा रत्नागिरीचे मनोरुग्णालय गाठायचे तर एक दिवस आणि एका दिवसाची मजुरी जाते. चूर्णाची पुडी तालुक्याच्या बाजारातही मिळते.

मात्र सगळे अंतरावर आणि पैशावर ढकलता येणार नाही, कारण शहरात, चांगल्या नोकरीत असलेली माणसेही हेच करतात. त्यांच्या तोंडी येणारी कारणे मानसोपचाराच्या प्रत्येक ओपीडीत ऐकू येतात. गोळ्यांची सवय लागते. गोळ्या गरम पडतात. त्यांनी दिवसभर गुंगी राहते. मुलीचे लग्न ठरायचे आहे, केमिस्टकडे चिठ्ठी दाखवली तर गावभर होईल. यातली काही कारणे गैरसमजातून येतात. नैराश्यविरोधी गोळ्यांचे दारूसारखे व्यसन लागत नाही, पण त्या एकदम बंद केल्या की चक्कर, अस्वस्थता, विजेचा झटका बसल्यासारखी जाणीव असा त्रास अनेकांना होतो आणि रुग्ण त्यालाच ‘सवय’ म्हणतो. काही कारणे मात्र पूर्ण खरी आहेत. ओलान्झापिनने वजन वाढते, रिस्पेरिडोनने पाळी थांबू शकते, एसएसआरआय गटातल्या नैराश्यविरोधी गोळ्यांनी लैंगिक इच्छा मंदावते. वर्षभरात १५ किलो वजन वाढलेल्या पंचविशीतल्या मुलीने ‘नैसर्गिक’ काही शोधले तर ती अडाणी ठरत नाही.

यात नैतिक बाजूही मिसळलेली असते. गोळी म्हणजे आजारी असल्याची कबुली. अश्वगंधा म्हणजे तब्येतीची काळजी. डब्यावरचा मजकूर ‘ताण’, ‘शांत झोप’, ‘एकाग्रता’ असे शब्द वापरतो, निदानाचे नाव घेत नाही. आजाराचे नाव न उच्चारता उपचार करता येतात, हे या उत्पादनांचे मोठे आकर्षण आहे.

पुरावा कुठपर्यंत पोहोचला आहे

सर्वाधिक अभ्यास झालेली वनस्पती युरोपातली आहे : हायपेरिकम, म्हणजे सेंट जॉन्स वर्ट. जर्मनीत डॉक्टर ती नैराश्यासाठी लिहून देतात, अमेरिकेत ती चिठ्ठीविना मिळते. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ती औषधाच्या दुकानात सहज दिसते. २००८ च्या कोक्रेन आढाव्यात २९ चाचण्या आणि ५,४८९ रुग्ण तपासले गेले. निष्कर्ष अनुकूल होता : नैराश्याच्या रुग्णांत ती निष्क्रिय गोळीपेक्षा सरस आणि प्रचलित औषधांच्या जवळपास बरोबरीची, शिवाय दुष्परिणाम कमी. मात्र जर्मन भाषक देशांतल्या चाचण्यांचे निकाल इतरांपेक्षा अधिक उजवे होते आणि ते का, याचे समाधानकारक उत्तर नाही. त्याआधी २००२ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या ३४० रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत ही वनस्पती निष्क्रिय गोळीहून सरस ठरली नव्हती. त्याच चाचणीत सर्ट्रालिन हे मान्यताप्राप्त औषधही मुख्य निकषांवर सरस ठरले नव्हते. दोन्ही बाजू या चाचणीतला आपल्या सोयीचा अर्धा भाग सांगतात.

आपल्याकडची अश्वगंधा आज त्याच जागी आहे. २०१२ मध्ये ताण असलेल्या ६४ प्रौढांवर झालेल्या भारतीय चाचणीत ६० दिवस मुळाचा अर्क घेतलेल्यांचा ताण मोजपट्टीवर बराच उतरला. त्यानंतर अशा चाचण्या बऱ्याच झाल्या. बहुतेक लहान, आठ-बारा आठवड्यांच्या, आणि पुष्कळदा अर्क बनवणाऱ्या कंपन्यांच्या मदतीने झालेल्या. गंभीर आजारात पिट्सबर्ग विद्यापीठाच्या चेंगप्पा आणि सहकाऱ्यांनी केलेले काम वेगळे उठून दिसते. २०१३ मध्ये बायपोलर विकाराच्या रुग्णांत आकलनक्षमतेच्या काही चाचण्यांत सुधारणा दिसली, तर २०१८ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या ६६ रुग्णांत काही लक्षणे उतरली. या दोन्ही अभ्यासांत अश्वगंधा नेहमीच्या औषधांना जोड म्हणून, देखरेखीखाली दिली होती. औषधाऐवजी नव्हे.

ब्राह्मीबद्दल निरोगी माणसांच्या स्मरणशक्तीवरचे अभ्यास आहेत, मानसिक आजारातले तुरळक. जटामांसी आणि शंखपुष्पीचे बहुतेक काम उंदरांवर थांबले आहे. स्किझोफ्रेनियातल्या आयुर्वेदिक उपचारांवरच्या कोक्रेन आढाव्याला २००७ मध्ये निकषांत बसणाऱ्या जेमतेम तीन छोट्या चाचण्या सापडल्या होत्या. त्यावरून उपचार निरुपयोगी ठरत नाहीत, आणि उपयोगी असल्याचे म्हणण्याइतका आधारही मिळत नाही.

या सगळ्यात एक फट राहून जाते. ताणावरच्या चाचण्यांत कुणाला घेत नाहीत, ते पाहा : मानसिक आजाराचे निदान झालेले, मेंदूवर काम करणारी औषधे चालू असलेले, यकृत-थायरॉइडचा विकार असलेले, गर्भवती. म्हणजे ज्यांनी ही कॅप्सूल घेतली तर प्रश्न उभा राहतो, त्यांनाच चाचणीतून वगळले जाते. निरोगी पण थकलेल्या माणसाच्या निकालावर छापलेला डबा शेवटी आजारी माणसाच्या घरी जातो.

एकत्र घेतल्यावर

या विषयात महाराष्ट्राचा एक जुना आणि विसरला गेलेला दाखला आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अपस्माराच्या दोन रुग्णांना फेनिटॉइन चालू असताना अचानक पुन्हा झटके येऊ लागले. चौकशीत कळले की दोघेही शंखपुष्पीचे सिरप घेत होते. तिथल्या औषधशास्त्र विभागाने ते सिरप प्रयोगशाळेत उंदरांवर तपासले, तेव्हा रक्तातली फेनिटॉइनची पातळी खाली जाते आणि झटके रोखण्याची त्याची क्षमताही घटते असे आढळले. हे संशोधन १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. बुद्धिवर्धक म्हणून मुलांना चमच्याने पाजले जाणारे सिरप झटक्याच्या औषधाचा परिणाम घालवू शकते, आणि हे कळले ते कुणीतरी ‘आणखी काय घेता?’ असे नीट विचारले म्हणून.

अशा टकरीचे मार्ग ढोबळमानाने तीन. पहिला यकृतातला. सेंट जॉन्स वर्टमधले हायपरफोरिन औषधे मोडणारी विकरे वाढवते. २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये एकाच वेळी दोन नोंदी आल्या : एचआयव्हीवरच्या इंडिनाविरची रक्तातली मात्रा निम्म्याहून कमी झाल्याची, आणि झुरिकमध्ये हृदयरोपण झालेल्या दोन रुग्णांच्या शरीराने नवे हृदय नाकारायला सुरुवात केल्याची. अल्प्राझोलामसारख्या मानसोपचारातल्या गोळ्याही याच विकरांनी मोडतात. उलट दिशेचे उदाहरण आपल्या मिरी-पिंपळीत आहे. त्यांतल्या पायपेरिनने फेनिटॉइन आणि प्रोप्रॅनोलॉल यांची रक्तातली पातळी वाढते. स्वयंपाकातल्या चिमूटभर मिरीची भीती नको. मुद्दा आहे तो त्रिकटू घातलेल्या चूर्णाचा, जे रोज दोन वेळा चमचाभर घेतले जाते.

दुसरा मार्ग परिणामांच्या बेरजेचा. झोपेच्या गोळीवर जटामांसी किंवा तगर घेतली तर गुंगी वाढते. एसएसआरआयवर सेंट जॉन्स वर्ट घेतले तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकते : ताप, थरथर, गोंधळलेपण. बायपोलर रुग्णात त्याने उन्मादाचा झटका सुरू झाल्याच्या नोंदी आहेत. अश्वगंधेने थायरॉइडचे संप्रेरक वाढते, असे २०१८ च्या एका छोट्या चाचणीत दिसले, आणि लिथियम नेमके थायरॉइडवरच परिणाम करते. अशा रुग्णाच्या रक्तचाचणीचा अर्थ लावणारा डॉक्टर अंधारात चाचपडत असतो.

तिसरा, मूत्रपिंडाचा मार्ग कमी चर्चिला जातो. लिथियमची सुरक्षित आणि विषारी पातळी यांत अंतर थोडे असते आणि ती पातळी मूत्रपिंडावर अवलंबून असते. लघवी वाढवणारे वनस्पतींचे मिश्रण घेतल्याने लिथियमची विषबाधा झाल्याची नोंद अमेरिकी वैद्यकीय साहित्यात आहे. आपल्याकडे सूज उतरावी म्हणून गोखरू-पुनर्नवा सर्रास घेतले जातात, तेव्हा हे लक्षात ठेवलेले बरे. आसव-अरिष्टांचा धोका वेगळा. आंबवण्यातून तयार होणारा मद्यार्क त्यांत साधारण ५ ते १० टक्के असतो. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्या माणसाला घरच्यांनी ‘मेंदूला ताकद’ म्हणून सारस्वतारिष्ट किंवा अश्वगंधारिष्ट पाजले तर चेहरा लाल होणे, धडधड, उलट्या, रक्तदाब पडणे हे सगळे उद्भवू शकते. त्या घरात दारूचा थेंबही नसतो, म्हणून कारण लवकर सापडत नाही.

गांजाचा उल्लेख इथेच करायला हवा, कारण तोही ‘झाडपाला’ म्हणून ओढला जातो आणि कानात येणारे आवाज शांत व्हावेत, झोप लागावी म्हणून घेतला जातो. १९८७ मध्ये छापलेल्या स्वीडनमधल्या ४५,५७० लष्करभरतीच्या तरुणांवरच्या अभ्यासात जास्त गांजा ओढणाऱ्यांत पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सहापट आढळले. कार्यकारणाचा वाद अजून चालू आहे. मात्र आजार असलेल्याने गांजा चालू ठेवला तर आजार पुन्हा उचल खातो, याबद्दल फारसे दुमत उरलेले नाही.

पुडीत नेमके काय असते

काष्ठौषधीच्या दुकानात शंखपुष्पी मागितली की दुकानदार फळीवरचा डबा काढून कागदावर वाळका चुरा तोलून देतो. तो चुरा कोणत्या झाडाचा, हे प्रांतागणिक बदलते. शंखपुष्पी म्हणून कुठे कॉन्व्हॉल्व्ह्युलस, कुठे विष्णुक्रांता, तर कुठे गोकर्ण वापरतात. ब्राह्मी म्हणून पाणथळीतली जलब्राह्मीही मिळते आणि मंडूकपर्णीही. एका वनस्पतीवरचा अभ्यास दुसरीच्या डब्यावर चिकटतो तो असा.

जड धातूंचा प्रश्न वेगळा. बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचे २००४ मध्ये ‘जामा’त आले. त्यातल्या काहींत धातू रसशास्त्राच्या पद्धतीने मुद्दाम घातलेले असू शकतात आणि नीट शोधन केलेल्या भस्माबद्दल आयुर्वेदतज्ज्ञांचे म्हणणे निराळे आहे. पण स्वतःहून घेणाऱ्याला हा भेद कळायची सोय नसते.

अश्वगंधेनेही अलीकडे चर्चा पेटवली. २०२० मध्ये आइसलंडच्या तीन आणि अमेरिकेच्या दोन रुग्णांना तिच्या सेवनानंतर कावीळ झाल्याची नोंद छापली गेली, सर्वजण बरे झाले. डेन्मार्कने २०२३ मध्ये बंदी घातली. भारतातल्या तज्ज्ञांचा आक्षेप असा, की परंपरेत मूळ वापरतात, पाने नाहीत, आणि पानांचा अर्क मिसळलेल्या मालावरून मुळाला दोष देणे चूक. हा आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. मात्र डब्यात मूळ आहे की पान, हे ग्राहकाला सांगणारी तपासणी अजून पुरेशी नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्याच्या यादीत मेंदूचे विकार, अपस्मार आणि वेड हे तिन्ही आहेत, त्यांवर इलाज म्हणून जाहिरात करता येत नाही. म्हणून जाहिराती आजाराऐवजी ताण आणि झोपेबद्दल बोलतात.

तीन भूमिका

बहुतेक मानसोपचारतज्ज्ञांची चिंता दुष्परिणामांहून अधिक वेळ वाया जाण्याची असते. मनोविकृतीच्या पहिल्या झटक्यानंतर उपचार जितके लांबतात तितकी सुधारणा अवघड होते, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. अंगारा-धुपारा, मग चूर्ण, मग तेल, आणि शेवटी गोळी, या क्रमात वर्ष जाते. त्यांच्यातलाच एक गट म्हणतो की सौम्य नैराश्यात किंवा तणावात, दुसरे औषध चालू नसताना, रुग्णाला वनौषधीचा आधार वाटत असेल तर तिला धुडकावून त्याला गमावण्यात अर्थ नाही.

आयुर्वेदाचे जाणकार स्वयंउपचाराचे समर्थक असतात, हा समज चुकीचा आहे. चरकसंहितेत उन्माद आणि अपस्माराची स्वतंत्र चिकित्सा आहे. ती शोधन, स्नेहन, कल्याणकघृतासारखी सिद्ध घृते, पथ्य आणि मनाला धीर देणे अशी एकत्रित आहे. तिच्यातून एकच वनस्पती उचलून तिचा अर्क कॅप्सूलमध्ये भरणे त्यांना आपल्या शास्त्राचे नुकसान वाटते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोविज्ञान व मानसरोग या विषयातल्या आयुर्वेद पदव्युत्तरांना मानसिक आरोग्य व्यावसायिकांत स्थान दिले आहे, तेव्हा त्यांनाही या चर्चेत केवळ साक्षीदार म्हणून बसवता येणार नाही.

तिसरी भूमिका आजार भोगणाऱ्यांची आणि त्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांची. पुण्यात भार्गवी दवर यांनी उभ्या केलेल्या बापू ट्रस्टने सक्तीच्या उपचारांविरुद्ध आणि वस्तीत मिळणाऱ्या आधाराच्या बाजूने दीर्घकाळ काम केले. या परंपरेतून येणारा प्रश्न थेट आहे : माझ्या शरीरात काय जावे हे ठरवताना माझे ऐकले जाते का? दुष्परिणामांची तक्रार केली की मात्रा वाढते, असा अनुभव असलेला माणूस दुसरी वाट शोधणारच. हा युक्तिवाद वनौषधींच्या गुणाबद्दल काहीच सांगत नाही. माणसे त्यांच्याकडे का वळतात हे मात्र बाकी दोन्ही भूमिकांपेक्षा नीट सांगतो.

अनुत्तरित

सगळ्यांत मोठा अनुत्तरित प्रश्न न सांगण्याचा आहे. १९९० च्या अमेरिकी पाहणीत डेव्हिड आयझेनबर्ग यांना पूरक उपचार करणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांनी डॉक्टरांना ते सांगितले नसल्याचे आढळले होते. आपल्याकडच्या ओपीडीत संवाद साधारण असा होतो. डॉक्टर विचारतात, “आई, अजून काही औषध चालू आहे का याला?” आई म्हणते, “नाही हो, तुमच्याच गोळ्या.” ती खोटे बोलत नसते. सकाळी दुधातून दिलेले चूर्ण तिच्या लेखी औषध नसतेच. ‘चूर्ण, काढा, चाटण, सिरप, गावठी काही?’ असे नावे घेऊन आणि न रागावता विचारले की उत्तर बदलते. असे विचारण्याने रुग्णाच्या प्रकृतीत नेमका किती फरक पडतो, हे मराठी मुलखात मोजायला फार मोठा खर्च लागणार नाही.

बाकीचे प्रश्न महागडे आहेत. औषधे चालू असलेल्या रुग्णांत, वर्ष-दोन वर्षे, कंपनीच्या पैशाविना अश्वगंधेची चाचणी कोण करणार? आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदीसाठी भारतात २००८ पासून यंत्रणा आहे, पण स्वतःहून घेतलेल्या औषधाची तक्रार तिथपर्यंत पोहोचवणार कोण, रुग्ण, वैद्य की मानसोपचारतज्ज्ञ? गोळ्या कमी करू इच्छिणाऱ्या रुग्णाला ते देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने करता येईल अशी सोय आज फार थोड्या ठिकाणी आहे. ती वाढली तर लपून काढा घेणारे कमी होतील का, याबद्दल अंदाज आहेत, अभ्यास नाहीत.